अंजनेरीची चढण आणि नाशिकची मिसळ: सहकुटुंब दोन दिवसांचा बेत

डोंगर चढणे आणि शहरात जाऊन चवीने खाणे हे दोन्ही एकाच सहलीत बसवायचे असेल, तर महाराष्ट्रात नाशिकइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. शहरापासून त्र्यंबक रस्त्याने साधारण वीस किलोमीटरवर अंजनेरी उभा आहे, आणि गड उतरून तासाभरात आपण मिसळीच्या ताटासमोर बसलेलो असतो. मात्र हा बेत आखताना बहुतेक कुटुंबांची एक चूक होते, ती म्हणजे डोंगर आणि जेवण यांचा स्वतंत्र विचार करणे. प्रत्यक्षात कोणत्या वेळी काय खायचे हे डोंगर ठरवतो, आणि डोंगर किती चढायचा हे घरातला सर्वांत धाकटा आणि सर्वांत वडीलधारा माणूस ठरवतो. या दोन गोष्टी मान्य केल्या की बाकीची आखणी सोपी होते.

प्रथम डोंगराची निवड. नाशिक-त्र्यंबक परिसरात गडकिल्ल्यांची रेलचेल असल्याने मुलांच्या मनात हरिहर भरण्याची शक्यता अधिक, कारण त्याच्या उभ्या कातळपायऱ्यांची छायाचित्रे सर्वत्र फिरत असतात. त्या पायऱ्या लहान मुले आणि ज्येष्ठ यांना घेऊन जाण्याजोग्या नाहीत, आणि सुटीच्या दिवशी चढणारे व उतरणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर आले की धडधाकट माणसाचीही पंचाईत होते. ब्रह्मगिरीला पायऱ्या चांगल्या आहेत, पण त्र्यंबकेश्वरच्या भाविकांची वर्दळ तेथे कायम असते. कुटुंबासाठी माझे मत अंजनेरीच्या बाजूने पडते. हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंच आहे, वाट ठळक आहे, बराचसा चढ पायऱ्यांचा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला मध्येच एक प्रशस्त पठार आहे. ज्यांना पुढे जायचे नसेल त्यांनी तेथेच थांबले तरी अर्धवट राहिल्याची रुखरुख लागत नाही.

पायथ्याचे अंजनेरी गाव त्र्यंबक रस्त्यालगतच आहे. गावातून गाडीरस्त्याने बरेच वर, नवरा-नवरी नावाच्या सुळक्यांच्या दिशेने जाता येते आणि तेथून पायऱ्यांची वाट सुरू होते. डोंगराच्या घळीतून चढणाऱ्या या वाटेवर उजवीडावीकडे उंच कडे असून वाटेतच एक छोटे जैन लेणे लागते. दम खाण्यासाठी ही जागा उत्तम. घळ संपली की आपण पठारावर येतो, आणि थोडे चालल्यावर अंजनीमातेचे मंदिर दिसते. मुलांच्या पावलाने गाडीतळापासून येथवर यायला सव्वा ते दीड तास धरावा. पुढे तळे लागते, सीता गुंफा आहे, आणि दुसरा चढ चढून माथ्यावर गेले की अंजनीमातेचे आणखी एक मंदिर आहे. या दुसऱ्या टप्प्याला पाऊण ते एक तास लागतो. हनुमानाचा जन्म येथे झाला अशी श्रद्धा असल्याने मुलांना चढण्यासाठी कारण शोधावे लागत नाही. त्यांना मारुतीच्या गोष्टी सांगत राहिले की चढ कधी संपला ते कळत नाही.

आजी-आजोबांपैकी कोणाचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना आग्रह करू नये. चढताना गुडघ्यांना जेवढा त्रास होतो त्याहून अधिक उतरताना होतो, आणि ही गोष्ट माथ्यावर पोहोचल्यावर लक्षात येऊन उपयोग नसतो. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच वेळी पायथ्याशी राहण्याचा निर्णय घेतला आणि त्यांचा दिवस आमच्याहून चांगला गेला असे त्या आजही सांगतात. अंजनेरी गावाच्या परिसरात यादवकालीन मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत, त्यांत जैन मंदिरेही आहेत. जवळच १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. आपल्या देशात मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे ते ठिकाण आहे, आणि पायऱ्यांची भीती असलेल्या माणसाला तेथे दोन तास सहज घालवता येतात. संग्रहालयाच्या वेळा आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्याव्यात.

कोणत्या ऋतूत जावे, हा पुढचा प्रश्न. जुलै-ऑगस्टमध्ये अंजनेरी धुक्यात बुडालेला असतो. दृश्य देखणे असले तरी घळीतल्या पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि शेवाळामुळे पाय घसरतो. लहान मुले बरोबर असतील तर सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळा सरताना पठार रानफुलांनी भरून जाते. सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदिलासारख्या फुलांची दुर्मीळ वनस्पती याच डोंगरावरून वनस्पतिशास्त्राला ठाऊक झाली, म्हणून तिच्या नावात अंजनेरी आहे. फुले पाहावीत, तोडू नयेत, आणि पायवाट सोडून गवतात शिरू नये, हे मुलांना पायथ्याशीच बजावून सांगावे. येथील कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, त्यामुळे आरडाओरडा आणि मोबाइलवरची गाणी यांना येथे थारा नसावा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट चांगलीच बोचरी असते. कानटोपी आणि स्वेटर अंगावर ठेवून निघावे. तासाभरात ते काढून पिशवीत कोंबावे लागतात, तेव्हा पाठपिशवीत तेवढी जागा आधीच राखावी.

काही तारखा मात्र कटाक्षाने टाळाव्यात. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी लाखो माणसे त्र्यंबकला लोटतात आणि आदल्या रविवारपासूनच त्र्यंबक रस्ता माणसांनी भरून वाहतो. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंतीनिमित्त खुद्द अंजनेरीवरच रीघ लागते. शिवाय २०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने होणार असल्याने त्या काळात केवळ चढाई आणि खाण्यासाठी येणाऱ्यांनी दुसरे गाव निवडावे हे बरे.

आता वेळापत्रक. मुंबईहून येणाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली तर रात्री नाशिकरोडला उतरता येते. नाशिकरोड स्थानक मूळ शहरापासून आठ-दहा किलोमीटर दूर आहे, याचा विसर पडू देऊ नये. मुक्काम स्थानकाजवळ घेतला तर दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळे शहर ओलांडावे लागते. मुक्काम त्र्यंबक नाका, कॉलेज रोड किंवा गंगापूर रोड या भागांत घ्यावा. पुण्याहून येणाऱ्यांना रस्त्याने दोनशेहून अधिक किलोमीटर पडतात आणि वाटेतल्या कोंडीचा नेम नसतो, म्हणून त्यांनी शुक्रवारी दुपारीच निघावे. स्वतःची गाडी नसेल तर त्र्यंबककडे जाणारी एसटी किंवा शहर बस मिळते. ती अंजनेरी फाट्यावर सोडते आणि तेथून चढाच्या सुरुवातीपर्यंत बरेच चालणे वाढते, हे हिशेबात धरावे. मुले बरोबर असतील तर दिवसभरासाठी गाडी ठरवणे इष्ट.

पहिल्या रात्री जेवण हलके ठेवावे. नाशिकला खानदेशाचा शेजार असल्याने हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. ती मोठ्यांनी जरूर घ्यावी, पण शेवभाजीचा लाल रस्सा त्या रात्री मागवू नये. हा सल्ला अनुभवातून आलेला आहे. पहिल्या खेपेस आम्ही उत्साहाच्या भरात गडावर जातानाच वाटेत मिसळ खाल्ली, तीही तर्री पुन्हा पुन्हा मागून घेऊन. अर्ध्या घळीत पोहोचेपर्यंत घशात आंबट पाणी येऊ लागले, धाकटीने पोट दुखते म्हणून पायरीवरच ठाण मांडले, आणि जैन लेण्यापाशी बसून आम्ही सगळ्यांनी मिळून दिवसभराचे पाणी संपवले. पठार त्या दिवशी दिसलेच नाही. दोष मिसळीचा नव्हता, ती खाण्याच्या वेळेचा होता.

म्हणून शनिवारी पहाटे साडेपाचला उठावे, चहा आणि थोडे पोहे किंवा उपमा एवढेच पोटात घालावे आणि सातच्या आत पायऱ्यांना लागावे. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी घ्यावे. गडावरच्या तळ्याच्या पाण्यावर विसंबू नये. वाटेत खाण्यासाठी गूळ-शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, मेथीच्या दशम्या आणि थोडे मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत पुरते. केळी मात्र नेऊ नयेत. अंजनेरीवर माकडांचा वावर फार आहे आणि हातातली पिवळी फळे किंवा कुरकुरणारी प्लास्टिकची पिशवी दिसली की ती थेट अंगावर येतात. खाणे पाठपिशवीच्या आत, कापडात बांधून ठेवावे आणि कोणी कितीही म्हटले तरी माकडांना काही देऊ नये. ‘मारुतीची सेना’ म्हणून त्यांना खाऊ घालणारे भाविकच त्यांची ही सवय वाढवतात, असे मला स्पष्टपणे वाटते. पायांत पकड असलेले बूट असावेत, चपला नव्हेत. आपला कचरा आपणच खाली आणावा.

चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाने ठरवावा आणि त्याला सर्वांच्या पुढे ठेवावे. मागे ठेवले की तो एकटा पडतो आणि प्रत्येक थांब्यावर तो पोहोचताच बाकीचे उठतात, त्यामुळे त्याला विश्रांतीच मिळत नाही. पठारावर पोहोचल्यावर घड्याळ पाहावे. साडेनऊ वाजून गेले असतील, तर दुसरा चढ हौशी मंडळींपुरता ठेवावा किंवा सोडून द्यावा. याचे कारण ऊन तर आहेच, पण दुसरेही आहे: नाशिकमधील मिसळीची बरीच ठिकाणे दुपारी दोन-तीनच्या सुमारास आवरतात. बाराच्या आसपास खाली उतरलेले कुटुंब निवांत जेवते. दोनला उतरलेल्यांना भांडी घासण्याचा आवाज ऐकू येतो.

नाशिकच्या मिसळीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ती मागवण्याची रीत ठाऊक नसते. येथे मोड आलेली मटकी आणि शेव-फरसाण एका वाडग्यात येते, रस्सा बहुधा वेगळा मिळतो, आणि सोबत पाव, कांदा, लिंबू, दही व पापड असतो. काही ठिकाणी शेवटी जिलेबीही ताटात असते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या मसाल्याचा रस्सा हे येथले वैशिष्ट्य, आणि तो वेगळा येत असल्यामुळेच ही मिसळ कुटुंबाच्या सोयीची ठरते. लहानांना मटकी, दही आणि पाव द्यावा, पित्ताचा त्रास असलेल्यांनी दोनच चमचे रस्सा घ्यावा, आणि ज्यांना घाम गाळायचा आहे त्यांनी पातेले रिकामे करावे. गंगापूर रोडच्या बाजूला साधना येथील चुलीवरची मिसळ प्रसिद्ध आहे. तेथे मोकळी जागा असल्याने मुले बागडतात आणि मोठ्यांना दोन घास शांतपणे खाता येतात. रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर पडणे हा नाशिककरांचा जवळजवळ नेम आहे, त्यामुळे त्या वेळी बसायला जागा मिळणे कठीण. गड शनिवारी ठेवण्याचे हेही एक कारण.

दुपारी सक्तीने झोप. संध्याकाळी साडेपाचनंतर रविवार कारंजा आणि मेन रोडच्या बाजूला पायी फिरावे. जुन्या शहरात गाडी घालण्याच्या फंदात पडू नये. सायंतारा येथील साबुदाणा वडा आणि बुधा हलवाई यांची जिलेबी या दोन गोष्टींसाठी पोटात जागा ठेवावी. चौघांत दोन वडे आणि पाव किलो जिलेबी एवढेच घ्यावे, कारण पुढे भांडी बाजारातून गोदाघाटाकडे उतरत जाताना आणखी काही ना काही समोर येतच राहते. तांब्या-पितळेची भांडी पाहण्यात घरातल्या मोठ्यांचा अर्धा तास जाईल, तेवढ्यात मुलांना घाटावर न्यावे. रात्री वेगळे जेवण लागतच नाही. लागलेच तर ताक आणि खिचडी.

रविवारी पाय भरून आलेले असतात. ज्यांचे पाय ठीक आहेत त्यांनी पांडवलेणी पाहावीत. वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे, लेणी चोवीस आहेत, आणि तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. मुलाच्या पराक्रमाचे त्यात केलेले वर्णन वाटेतच घरातल्या आजीला सांगावे, त्यांना ते फार आवडते. दुपारी पंचवटी गौरवसारख्या ठिकाणी गुजराती-राजस्थानी थाळी घेता येते, आणि वाढप्यांचा आग्रह मोडवत नसेल तर ताटावर हात आडवा धरण्याची तयारी आधीच करून ठेवावी.

निघताना कोंडाजी चिवडा घ्यायचाच असतो. तो परतीच्या दिवशी, स्थानकाकडे निघण्यापूर्वी घ्यावा आणि शेजाऱ्यांसाठीचे पुडे सामानाच्या वरच्या बाजूला ठेवावेत. एक पुडा मात्र हाताशी वेगळा असू द्यावा, कारण कसाऱ्याचा घाट उतरायच्या आतच मुले भूक लागली म्हणून मागे लागतात.