जुन्या जिप्सीला मोठे टायर: आधी पाटे, मग टायर

आमचं शेत चोरलच्या पुढे आहे. पक्की सडक संपते तिथून फाटकापर्यंत दीड किलोमीटर नुसती काळी माती. एप्रिलात ती दगडासारखी असते. पहिला पाऊस झाला की टायरच्या खाचांत अशी भरते की टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागच्या जागी फिरते. इंदूरहून, लोकमान्यनगरातून, दर शनिवारी मी २००२ची मारुती जिप्सी घेऊन तिथे जाते. मोठे टायर मला त्या दीड किलोमीटरसाठी हवे होते.

पहिल्यांदा चुकले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, घ्यायचेच तर २३५ रुंदीचे घ्या, गाडी उठून दिसेल." घेतले. भेरू घाटात दुसऱ्याच वळणावर पुढचं चाक आतल्या बाजूने पाट्याला, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगला, घासायला लागलं. घरी येऊन बघते तर टायरची कड सोलून आतले दोरे दिसत होते. दोन टायर वाया गेले. घाटात त्यातला एक फुटला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. आमचे मिस्त्री, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणतो, गाडीखालून बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "दीदी, पहले कमानी देखो, टायर बाद में." कमानी म्हणजे हेच पाटे. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून शिकले.

आकडे स्वतः मांडून बघा. माझ्या गाडीचा, म्हणजे जिप्सी किंगचा, मूळ टायर २०५/७० आर १५. २०५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्याचे ७० टक्के म्हणजे १४३.५, ही टायरच्या भिंतीची उंची. ती वर एकदा, खाली एकदा म्हणून दुप्पट करा आणि त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवा. चाकाची एकूण उंची ६६८ येते. हाच हिशेब २१५/७५ला ७०४ आणि २३५/७५ला ७३४ येतो. यातली मेख अशी की उंची ३६ मिलिमीटरने वाढली तरी गाडी फक्त १८ने वर उचलली जाते, कारण धुरा, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, जमिनीपासून अर्ध्या चाकावर असतो. २३५ घेऊनही जेमतेम ३३ मिळतात. त्यासाठी पहिला गिअर जवळजवळ १० टक्के जड होतो, आणि १३०० सीसीच्या इंजिनाला घाटात ते सोसत नाही.

रिमचंही बघायला हवं. माझ्या रिमवर ५.५ जे असा शिक्का आहे, म्हणजे रुंदी साडेपाच इंच. २१५/७५ त्यावर नियमाप्रमाणे बसतो. २३५/७५ला किमान ६ इंच रुंद रिम लागते. तुमच्या रिमचा शिक्का पुसून वाचा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. शिवाय २१५/७५ आर १५ हा बोलेरोचा टायर आहे, त्यामुळे लहान गावातही मिळतो. शेतावर जाणाऱ्याला हे फार महत्त्वाचं आहे.

आता पाटे. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी टेपने मोजा. माझी चालकाच्या बाजूला २२ मिलिमीटर बसलेली निघाली. वीस वर्षं एकटी चालक त्या बाजूला बसते, पाटे थकणारच. अशा गाडीला मोठा टायर लावला की खड्ड्यात तो मडगार्डला भिडतो. ट्रकच्या कमान्या करणाऱ्याकडून पाट्यांना ताव देऊन कमान परत आणता येते. फार झिजले असतील तर नवेच घ्या. पाट्याच्या टोकांतले बुश आणि पाटा धुऱ्याला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा आवळत नाही. गाडी उंच करायला लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी) बसवून देतो म्हणणारे भेटतील. त्याने पुढच्या धुऱ्याचा कोन बदलतो आणि गाडी सरळ रेषा धरत नाही. मी ते केलं नाही.

पुढचं चाक जॅकवर उचलून, गाडी ठोकळ्यावर टेकवून, टायर वरून-खालून धरून हलवा. खडखड लागली तर किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) किंवा व्हील बेअरिंग गेलंय. जड टायर हा ढिलेपणा वाढवतो आणि ६०च्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागतं. टायरआधी याच कामावर पैसे घाला.

मग एकच टायर घ्या, स्टेपनीच्या रिमवर चढवा आणि पुढे लावून बघा. इथे मी स्वयंपाकघरातली युक्ती वापरते: कणकेचे लिंबाएवढे गोळे पाट्याच्या बाजूला, मडगार्डच्या कडेला आणि बंपरच्या कोपऱ्यामागे चिकटवायचे. शेताच्या बांधावर ते एक चाक हळू चढवायचं आणि स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं. ज्या गोळ्याला टायर लागेल तो चेपेल, आणि उरलेली जाडी म्हणजे तुमची मोकळी जागा. मी दोन बोटांपेक्षा कमी चालवून घेत नाही. स्टीअरिंग किती फिरावं हे ठरवणारा बोल्ट नकलवर, म्हणजे धुऱ्याच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या भागावर, असतो, तो थोडा बाहेर काढून घासणं टाळता येतं. वळणाला जागा जरा जास्त लागेल, एवढंच.

सगळं जमलं की पाचही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मधे, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शिअल नाही. चारही चाकांना इंजिनाची ताकद जोडून पक्क्या सडकेवर वेगवेगळ्या उंचीचे टायर फिरले तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे ही ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा: २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. जुना साठा परत करा.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२प्रमाणे मूळ वैशिष्ट्यांपासून बदल करायला बंधनं आहेत. परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या.

चाकाचे नट ओळीने नको, एक सोडून एक असे आवळा. अलाइनमेंटवाल्याला सांगा की पुढे अखंड धुरा आहे, इथे फक्त टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बसवता येतो. हवेसाठी टायरवर आडवी खडूची रेघ ओढून थोडं सरळ चालवा: मधली रेघ आधी पुसली तर हवा जास्त, कडा आधी पुसल्या तर कमी. चिखलात मी हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवते आणि सडकेवर येण्याआधी छोट्या कंप्रेसरने पुन्हा भरते. कमी हवेवर वेगाने चालवलं तर टायर तापतो.

२१५/७५ लावल्यावर वेगाचा काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४वर असेल. ब्रेकही थोडे उशिरा पकडतात, म्हणून रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा थांबून पाय ओळखीचा करून घ्या. जड स्टेपनी मागच्या दारावर असते, तिच्या बिजागऱ्या महिन्याभराने तपासा. आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. मी ते शेताच्या फाटकाशीच करते, पाना सीटखाली ठेवलेला असतो.