पात्रांच्या हाती जहागीर देताना

ठाण्यात नौपाड्यात आमच्या घरी एक रविवार आड ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रांची भूमिका घेऊन फाशांवर खेळायचा कथाखेळ खेळायला जमणाऱ्या गटातील दोघे ऐरोलीहून आणि एक जण वाशीहून येतो. तीन वर्षांपूर्वी या मंडळींच्या पात्रांना मी जहागिरी दिल्या, आणि तेव्हापासून भुयारे धुंडाळण्यापेक्षा नांगरट, जकात आणि शेजाऱ्याशी चाललेला पाण्याचा तंटा यांतच त्यांचा जीव अधिक रमला आहे. अशी मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी सलग कथा, चालवू पाहणाऱ्या डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) काय करावे आणि काय टाळावे, ते अनुभवावरून येथे मांडत आहे. माझ्या मते अशा मोहिमेचा सगळा प्राण टंचाईत असतो. धान्य, वेळ आणि विश्वासू माणसे सर्वांना पुरतील इतकी कधीच नसावीत, म्हणजे कोणाला नकार द्यायचा हे ठरवण्यात खेळाडू गुंतून जातात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्याच नियमांत नवव्या पातळीला पोचलेल्या योद्ध्याला गढी बांधण्याची, भोवतालचा २० मैलांचा मुलूख निर्धोक करण्याची आणि दर माणशी दर वर्षी १० सुवर्णमुद्रा वसूल करण्याची मुभा होती. मात्र नववी पातळी गाठेपर्यंत महिनोन्‌महिने जातात आणि तोवर परीक्षा, नोकरी किंवा बदली यांमुळे पुष्कळदा गटच विस्कळीत होतो, म्हणून जमीन पहिल्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, द्यावी, पण ती लहान असावी. ३०० वस्तीचे एक गाव, मातीची गढी आणि ३० शिपाई एवढे आरंभाला पुरेसे आहे.

नकाशासाठी दूर जाण्याची गरज नाही. ठाण्याजवळून वसईकडे जाणारा उल्हास नदीचा प्रवाह पाहा: मुखाशी वसईचा किल्ला, वाटेत घोडबंदर, आणि वरच्या अंगाला कल्याणचा दुर्गाडी. वरच्याचा माल खालच्याच्या तोफांखालून जातो, तर खालच्याला लाकूड आणि धान्य वरूनच यावे लागते. काल्पनिक राज्यात नावे बदला, चेटूक आणि राक्षस आणा, पण ही रचना तशीच ठेवा. एकाकडे मिठागरे, दुसऱ्याकडे सागाचे रान, तिसऱ्याकडे भाताची खाचरे आणि चौथ्याकडे घाटाचा नाका असला, की खेळाडूंना एकमेकांच्या दारी जावेच लागते. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, कारण ते स्वस्त मीठ संगमेश्वराकडच्या मिठाचा बाजार बुडवत होते. आमच्या मोहिमेत मिठागरांच्या मालकिणीवर हाच प्रसंग मी आणला, आणि तिने जकात बसवताच शेजारच्या जहागिरीतल्या कोळ्यांची मासळी खारवायची कशी, हा प्रश्न उभा राहून पुढची दोन सेशन त्यातच गेली.

आता हिशेब. पहिल्या वर्षी मी तेरा रकान्यांचे कोष्टक केले होते आणि त्यामुळे एक संपूर्ण दुपार बेरजांत गेली; वाशीचा मित्र त्या दिवशी जवळजवळ काहीच बोलला नाही. त्यानंतर मी प्रत्येक जहागिरीचे रयत, धान्य, खजिना, शिबंदी (पदरचे शिपाई) आणि विश्वास हे पाचच आकडे ठेवले. वर्षाचे पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तीन हंगाम करावेत. दर १०० माणसांना हंगामाला धान्याचा एक कणगा लागतो आणि शिबंदीला घोड्यांसह एक, म्हणजे आरंभीच्या गावाला वर्षाला १२ कणगे हवेत. पीक वर्षातून एकदाच, पावसाळा संपताना येते: आठ बाजूंचा फासा टाकून पडलेल्या आकड्यात ८ मिळवावेत. म्हणजे ९ ते १६ कणगे येतात आणि सरासरी गरजेपेक्षा जेमतेम अर्धा कणगा जास्त भरते. हा अर्धा कणगा मुद्दाम ठेवलेला आहे, तो वाढवू नये. कर दरडोई ५, १० की १५ मुद्रा घ्यायचा, हे खेळाडूने ठरवावे: ५ घेतल्यास विश्वास एकाने वाढतो, १५ घेतल्यास एकाने घटतो. विश्वास ३ पासून सुरू होतो आणि २ च्या खाली गेला, की काही कुटुंबे रातोरात दुसऱ्या खेळाडूच्या जहागिरीत निघून जातात. त्यांना ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, यावर आमच्याकडे सर्वांत कडाक्याचे वाद झाले आहेत.

महाराजांचे १६७३ सालचे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रत्येक डीएमने या दृष्टीने वाचावे असे मला वाटते. दाणा आणि वैरण आताच बेहिशेब उधळली तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग लोक रयतेला छळू लागतील, अशी ताकीद त्यात आहे; उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताला आग लागेल, इथपर्यंत बारकावा आहे. हंगामात काय बिघडू शकते याची यादी करताना ड्रॅगनच्या आधी हा उंदीर लिहावा.

हंगामाचा हा कारभार अर्ध्या-पाऊण तासात उरकून उरलेला वेळ साहसाला द्यावा. येथे नेहमीची अडचण अशी, की जहागीरदार स्वतः जंगलात का जाईल, आणि गेलाच तर बाकीचे तीन जहागीरदार त्याच्यासोबत का असतील? यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे प्रत्येक खेळाडूने इतर प्रत्येकाच्या जहागिरीत एक दुय्यम पात्र सांभाळावे. मराठ्यांच्या गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे वेगवेगळे अधिकारी असत, जेणेकरून एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. हीच विभागणी वापरा. घाटाच्या जहागिरीवर पेच आला, की तिचा धनी आपले मुख्य पात्र खेळतो, आणि बाकीचे तिघे त्याचा हवालदार, त्याचा सरनोबत आणि त्याचा सबनीस होतात. टेबलावर कोणीही रिकामे बसत नाही, धन्याला प्रामाणिक सल्ला मिळतो, आणि ज्याची स्वतःची जहागीर शेजारी आहे त्याने दिलेला सल्ला कितपत मानावा, हा प्रश्न आपोआप डोकावतो. दुय्यम पात्रांना एक नाव, एक गरज आणि एक भीती एवढेच द्यावे.

लढाई थोडक्यात आटपावी. दोन्ही बाजूंची शिबंदी मोजावी, जागेचा फायदा ज्याला असेल त्याला २ अधिक द्यावेत, आणि वीस बाजूंचा फासा तीन वेळा टाकावा. प्रत्येक वेळी आधी खेळाडूने आपण कुठे उभे आहोत आणि कोणाला मागे ठेवतो ते सांगावे. मेलेल्या शिपायांच्या घरी पुढच्या पेरणीला हात कमी पडतात, म्हणून दर दहा माणसांमागे पिकातून अर्धा कणगा वजा करावा.

दोन रविवारांच्या मधल्या काळात खलिते व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात. प्रत्येकाला दोनच खलिते लिहिता येतील आणि सेशनच्या आधीच्या गुरुवारी रात्रीपर्यंतच ते स्वीकारले जातील अशी मर्यादा घालावी, अन्यथा ज्यांना कामामुळे फोन पाहता येत नाही ते मागे पडतात. ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असला किंवा कोणाच्या घरी कार्य असले, की एखादी जहागीर धन्यावाचून राहते. त्यासाठी उठण्यापूर्वी प्रत्येकाकडून कागदाच्या चिठ्ठीवर तीन आज्ञा लिहून घ्याव्यात: पीक कमी आले तर काय विकायचे, शेजाऱ्याने मदत मागितली तर किती द्यायची, आणि गढीच्या किल्ल्या कोणाकडे राहतील. तो खेळाडू आला नाही तर त्याचा सबनीस सांभाळणारा चिठ्ठी मोठ्याने वाचतो आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणेच कारभार करतो.