पिकअपच्या हौद्यात मुक्काम करताय? या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात ज्याच्या दारात छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप आहे, त्याच्यावर त्या गाडीत रात्र काढायची वेळ कधी ना कधी येतेच. डिसेंबर-जानेवारीत कांदा घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात रांगेत थांबावं लागतं. आषाढीला पंढरपुरात खोली मिळत नाही. सांगोल्याचं डाळिंब घेऊन लांबचा बाजार गाठायचा तर वाटेत पाठ टेकावी लागते. आता तर नुसती हौस म्हणूनही लोक हत्तरसंग कुडल, उजनीचा काठ, नळदुर्ग अशा ठिकाणी गाडी काढतात आणि मागं अंथरूण टाकतात. यात वावगं काहीच नाही. हौदा जमिनीपासून उंच असतो, सपाट असतो आणि पाय ताणता येतील एवढा लांब असतो. टाटा एसचा, म्हणजे छोटा हत्तीचा, हौदा साधारण ७ फूट लांब आणि ५ फुटांच्या जरा आत रुंद आहे, बोलेरो पिकअपचा त्याहून मोठा. दोन माणसं सुखानं झोपतात.

पण लोक गादीवर आणि लाइटच्या माळेवर पैसे घालतात, आणि गाडी कुठं उभी करायची, आत हवा कुठून येणार, याचा विचार अंधार पडल्यावर करतात. मुक्काम बिघडतो तो या दोन गोष्टींवरून, आणि जिवावर बेततं तेही यांच्यावरूनच. म्हणून गादीचं मी शेवटाकडं सांगणार आहे.

गाडीखाली झोपणं

दुपारी सावलीसाठी, रात्री दव अंगावर येऊ नये म्हणून ड्रायव्हर, हमाल, बरोबर आलेली पोरं गाडीखाली पोतं टाकून पडतात. बाजाराच्या आवारात हे दृश्य नेहमीचं आहे. पहाटे रांग हलते, मागचा हॉर्न मारतो, कुणीतरी ओरडतं, "मामा, गाडी पुढं घ्या!" आणि झोपेतून उठलेला माणूस थेट सीटवर बसून चावी फिरवतो. खाली कोण आहे हे बघायचं राहून जातं. गाडी आपली असो की शेजारच्याची, तिच्याखाली झोपायचं नाही आणि आपल्या माणसाला झोपू द्यायचं नाही. हौद्यात माल भरलेला असेल तर त्याला शेडखाली पाठवा, नाहीतर केबिन त्याला द्या. चावी लावण्याआधी गाडीभोवती फेरी मारून वाकून बघा. इथं दुसऱ्यावर विसंबू नका.

जमिनीवर झोपण्यात आणखी एक भीती आहे ती मण्यारची. हा साप रात्री फिरतो, अंथरुणात शिरतो आणि त्याचा दंश इतका बारीक असतो की झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. घरचे अपचन समजून सोडा पाजत बसतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणं दिसली तर चावल्याची खूण शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्या. हौद्यात झोपल्यानं हा धोका बराच कमी होतो, पण फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, खाली सोडून चादरीची टोकं मातीवर लोंबत ठेवली तर वर यायला वाट मिळतेच. फाळका लावून घ्या. चपला-बूट वर हौद्यात ठेवा आणि सकाळी झटकूनच पाय घाला. आपल्या माळरानावर विंचवांना तोटा नाही.

काचा बंद, इंजिन चालू

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्रा मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. मग काचा वर करून, इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचा मोह होतो. हे करू नका. सायलेन्सरला कुठं बारीक भोक असेल, एखादा सांधा सुटला असेल किंवा गाडी भिंतीला पाठ लावून उभी असेल, तर धूर केबिनमध्ये येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. दिवसभर गाडी हाकलेल्या माणसाला ते थकव्याचंच वाटतं आणि तो कूस बदलून परत झोपतो. टाटा एसचं इंजिन तर सीटच्या खालीच आहे. गाडी बंद केल्यावरही त्याची ऊब बराच वेळ केबिनमध्ये येत राहते, त्यामुळं उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये झोपायला जाण्यात अर्थ नाही. मागं हौद्यात, मोकळ्या हवेत, मच्छरदाणी बांधून झोपा.

थंडीतली चूक याच जातीची. ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधून आत कोळशाची शेगडी किंवा गॅस ठेवतात, ऊब येईल म्हणून. वायू तोच, आणि आग लागायची भीती वेगळी. चहा-भाकरी गाडीपासून दहा पावलं लांब करा, वारा गाडीकडून चुलीकडं वाहतोय ना ते बघून. कुणाला गुंगी आलेली दिसली तर आधी त्याला उघड्यावर आणा, मग १०८ लावा.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. गहू, ज्वारी, तूर यांना कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकलेल्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा अतिविषारी वायू निघतो. अशी पोती हौद्यात असतील आणि वर ताडपत्री असेल तर त्या ताडपत्रीखाली क्षणभरही झोपायचं नाही, पोती केबिनला टेकलेली असतील तर केबिनमध्येही नाही. माल देणाऱ्याला स्पष्ट विचारा: "गोळ्या टाकल्यात का?" लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला तर गाडीपासून लांब व्हा. पण वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका.

जागेची निवड

हैदराबाद रोड असो, विजापूर रोड असो की पुण्याकडचा, महामार्गाच्या कडेला पांढऱ्या पट्टीला लागून पिकअप उभी करून झोपणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला डुलकी लागणार नाही यावर आपला जीव लावणं. गाडी धोकादायक पद्धतीनं उभी करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हाही आहे. ऊस तोडणीच्या दिवसांत कारखान्याकडं जाणारे आतले रस्तेही टाळा, तिथं मागं लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर चालतात. पेट्रोल पंप किंवा मोठा ढाबा बघा आणि आधी विचारा: "दादा, रात्रभर गाडी इथं उभी केली तर चालेल का?" तिथं जेवलात, डिझेल भरलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. फक्त टँकर रिकामा करतात त्या जागेपासून लांब थांबा आणि पंपावर चूल पेटवू नका.

नदीचा काठ हा सगळ्यात मोठा मोह. पंढरपुरात वाळवंटाला लागून गाडी लावली की पहाटे चंद्रभागेचं स्नान दारात, असं वाटतं. पण भीमेचं पाणी वाढायला पंढरपुरात पाऊस पडावा लागत नाही. पुणे जिल्ह्यात, घाटमाथ्यावर पाऊस झाला, उजनी भरत आलं की धरणातून विसर्ग सुरू होतो. शिवाय नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी नरसिंहपूरच्या संगमातून भीमेतच येतं. पंढरपुरावर चांदणं असताना पाणी चढू शकतं. आषाढीला पावसाळा असतोच. जुलै ते ऑक्टोबर या काळात मुक्कामाआधी उजनी आणि वीरच्या विसर्गाची बातमी बघा. वारीत वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी राखलेला ६५ एकरचा परिसर किंवा प्रशासनानं नेमून दिलेला वाहनतळ गाठा, चालायला थोडं जास्त पडलं तरी चालेल. हत्तरसंग कुडललाही हेच लागू, कारण तिथं भीमा आणि सीना दोन्हींचं पाणी येतं. तिथं शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, तो निवांत बघण्यासारखा आहे. तो दिवसा बघा, संगमाजवळ फिरा, आणि गाडी रात्री वर गावाजवळ आणा.

मग काळी माती. कोरडी असताना काळ्या रानाची बांधावरची वाट सिमेंटच्या रस्त्यासारखी टणक लागते, वळवाची एक सर आली की त्याच वाटेवर चाक जागच्या जागी फिरतं. छोट्या पिकअपला ताकद मागच्या चाकांना असते आणि रिकाम्या हौद्यामुळं त्या चाकांवर वजनच नसतं, म्हणून ती जास्त रुतते. मुक्कामाला मुरमाड, किंचित उंच जागा निवडा आणि तोंड बाहेरच्या रस्त्याकडं करून ठेवा. तरीही रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. चाकाच्या पुढचा चिखल खोऱ्यानं काढा, गोणपाटाची पोती किंवा तुराट्या घाला, मागच्या टायरची हवा थोडी कमी करा, मागच्या ॲक्सलवर दगड किंवा भरलेली पोती ठेवून वजन द्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. ढकलायला माणसं लावली तर चाकामागं कुणी उभं राहू नये. बाहेर निघाल्यावर पहिल्या दुकानात हवा भरून घ्या.

झाडाखाली गाडी लावायची तर वेळ बघा. दुपारी कडुनिंबाची सावली फार मोलाची. पण एप्रिल-मेच्या संध्याकाळी वळीव आला की फांद्या मोडतात आणि वीज झाडावर पडते. कडकडाट सुरू झाला की हौदा सोडा, केबिनमध्ये बसा, काचा वर घ्या. धातूची बंद केबिन उघड्या हौद्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असते. विजेच्या तारांखाली तर ताडपत्रीची कमान उभारूच नका.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गाडी घालून मुक्काम करायचा विचार मनात आणू नका. तिथं परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि त्या माळावर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना रात्रीचा उजेड आणि चाकं दोन्ही त्रासदायक ठरतात.

ताडपत्री आणि अंथरूण

सपाट ताणलेली ताडपत्री पावसात पोटासारखी खाली येते. हिशेब सोपा आहे: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. छोटा हत्तीच्या हौद्यावर ३० मिलिमीटर पाऊस साचला तर सुमारे १०० लिटर, म्हणजे १०० किलो वजन तुमच्या डोक्यावर. मधे एक आडवा पाइप उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार द्या. मागं-पुढं वरच्या बाजूला वीतभर फट मोकळी ठेवा. सकाळी अंथरूण ओलं लागतं आणि लोक म्हणतात ताडपत्री गळते. बहुतेक वेळा ती गळत नसते. माणसांच्या श्वासातली वाफ थंड ताडपत्रीला लागून थेंब होऊन खाली पडते. फट ठेवली की हे थांबतं.

पत्र्यावर थेट गादी टाकू नका. थंडीत पत्रा अंगातली ऊब खेचतो, उन्हाळ्यात भाजतो. पन्हाळीच्या पत्र्यावर दोन लाकडी पट्ट्या, त्यावर प्लायवूड, त्यावर गोणपाट आणि मग गादी. खाली हवा खेळती राहते आणि गादीला बुरशी येत नाही. उन्हाळ्यात सूर्य कलला की आधी हौद्यावर पाणी मारा, वाळू द्या, मग अंथरा. पांघरायला घोंगडी घ्या, ती जराशी ओलसर झाली तरी ऊब देते. सोलापुरी चादर मार्चनंतर पुरते. खत किंवा औषधाची खोकी वाहिली असतील तर हौदा आधी साबणानं धुवा.

हौद्यात बसवून नेणं

थांबलेल्या गाडीत झोपणं वेगळं आणि चालत्या हौद्यात माणसं बसवणं वेगळं. तुळजापूरला देवीला किंवा अक्कलकोटला जाताना बायकापोरं मागं बसवतात. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ खाली विम्याचं संरक्षण आहे. पै-पाहुण्यांना ते नाही. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या घरादारावर येऊ शकते, आणि गेलेला माणूस तर कशानंच परत येत नाही. माणसं बसनं पाठवा, सामान पिकअपमध्ये न्या. हौद्यावर वेल्डिंग करून कायमची खोली उभारायची असेल तर कलम ५२ बघून आरटीओची परवानगी आधी काढा. नट-बोल्टनं काढता-घालता येणारी कमान जास्त सोयीची पडते, सोमवारी परत माल भरता येतो.

सकाळी गाडी चालू होत नाही

बहुतेक वेळा रात्री पार्किंग लाइट किंवा टेप चालू राहिलेला असतो. १२ व्होल्टचा ५ वॅटचा एलईडी अर्ध्या अँपिअरहून कमी घेतो, रात्रभर चालला तरी फारसं बिघडत नाही. पण चारही पार्किंग दिवे आणि त्यात पंखा, असं आठ तास चाललं तर स्टार्टरला लागणारी ताकद उरत नाही. पंख्यासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवा. गाडी उताराला तोंड करून लावली असेल तर धक्का सोपा जातो. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडीला वेग येऊ द्या आणि मग क्लच झटकन सोडा. डॅशबोर्डवरचे दिवेच लागत नसतील तर धक्क्यानं नवी डिझेल गाडी चालू होणार नाही, तिच्या कंट्रोल युनिटलाही वीज लागते. तेव्हा शेजारच्या गाडीवरून केबल लावा: आधी लाल लालला, मग काळी केबल समोरच्या चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचं दुसरं टोक आपल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. उताराला उभ्या केलेल्या गाडीच्या चाकांना रात्री दगड लावले असतील, ते निघायच्या आधी काढा आणि हौद्यातच ठेवा, पुढच्या मुक्कामाला लागतात.