मदरबोर्डची तुटलेली ट्रॅक जोडताना

सोलापुरात यंत्रमागाजवळच्या कॉम्प्युटरमध्ये सुताची धूळ साचते. ती साफ करताना स्क्रूड्रायव्हर घसरला की मदरबोर्डवरची ट्रॅक, म्हणजे वीज नेणारी तांब्याची बारीक रेघ, तुटते. आधी सप्लाय आणि बोर्डावरचा सेल काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा. तुटीच्या दोन्ही बाजूंचा मास्क (ट्रॅकवरचा रंगीत संरक्षक थर) ब्लेडने २-३ मिमी हलकेच खरवडा. तांबं चमकलं की थांबा, जोर दिला तर ट्रॅकच उचकटते. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा पदार्थ) लावून टोकांवर सोल्डरचा पातळ थर द्या. तूट सांधायला ०.१ मिमीची इनॅमल वायर (पातळ लेप असलेली तांब्याची तार) घ्या. तिच्या टोकांचं इनॅमल आधी काढाच, नाहीतर सोल्डर धरत नाही. मग ती दोन्ही टोकांना सोल्डर करा; सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसवर, एका वेळी दोन-तीन सेकंदच टेकवा. मल्टिमीटरने कंटिन्युइटी (जोड सलग आहे का) बघा, शेजारच्या ट्रॅकशी शॉर्ट झालाय का तेही. मग वर यूव्ही मास्क (अतिनील प्रकाशात कडक होणारा लेप) लावा. रॅमच्या लाइनला लांब वळसा नको, सिग्नल बिघडतो. पॉवरच्या ट्रॅकला जाड तारच हवी.