नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचे असेल तर

नामिबियाचा नकाशा समोर ठेवून सहल आखताना पहिली चूक होते ती अंतराची. हा देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. माणसे मात्र सगळी मिळून तीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुण्यातही याहून जास्त. दोन गावांच्या मध्ये धाबा नाही, चहाची टपरी नाही, पंक्चरवाला नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलची रेंजही नाही. सार्वजनिक वाहतूक पर्यटनाच्या जागांपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. त्यामुळे एकतर टूर कंपनीच्या बसमध्ये बसा, नाहीतर गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवा. हा लेख दुसऱ्या पर्यायासाठी आहे. तिथे आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते, त्यामुळे आपल्याला बरेच सोपे जाते. अवघड गोष्टी वेगळ्याच आहेत.

पहिली पायरी : महिना ठरवा

प्राणी पाहायचे असतील तर मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ निवडा. रानातले पाणी आटते आणि उरलेल्या पाणवठ्यांवर सगळ्यांना यावेच लागते. जानेवारी ते मार्च पावसाचे महिने. रान हिरवे आणि सुंदर दिसते, पण जनावरे पांगतात आणि कोरड्या नद्यांना अचानक पाणी येऊन रस्ते बंद होतात.

जून-जुलै तिथला हिवाळा. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असे समजून नुसते सुती शर्ट नेलेत तर पहाटे दात वाजतील. वाळवंटात रात्री पारा शून्याजवळ जातो. कानटोपी, स्वेटर आणि वाऱ्याला दाद न देणारे जाकीट बॅगेत हवेच.

दुसरी पायरी : कागदपत्रे

भारतातून थेट विमान नाही. लोक इथिओपियातल्या अदीस अबाबामार्गे जातात, किंवा आखातातून जोहान्सबर्ग गाठून पुढे नामिबियाच्या राजधानीला, विंडहूकला. जोहान्सबर्गमार्गे जाणार असाल तर दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटे काढलीत आणि सामान उचलून पुन्हा चेक-इन करावे लागले, तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसाही लागतो.

नामिबियाचे व्हिसाचे नियम एप्रिल २०२५ मध्ये बदलले. ओळखीचा कोणी आधी जाऊन आला असला तरी त्याच्या सांगण्यावर विसंबू नका. दिल्लीतल्या नामिबियाच्या उच्चायुक्तालयाची ताजी सूचना वाचा आणि मगच तिकीट काढा. मुले बरोबर असतील तर आईवडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला इंग्रजीत जवळ ठेवा. आपल्याकडचे जुने दाखले नुसते मराठीत असतात, तेव्हा महापालिकेत एक फेरी पडेल हे धरून चाला.

पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीबाबत बराच गोंधळ असतो. नामिबिया हा पीतज्वराचा देश नाही, पण इथिओपिया आहे. अदीस अबाबाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबा असेल तर नामिबियात शिरताना लस घेतल्याचा दाखला मागतात. परतीच्या वाटेवर अदीसमध्ये विमानतळाबाहेर पाऊल टाकले असेल तर आपल्याकडचे आरोग्य अधिकारी दाखला पाहतात, आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की जन्मभर चालते. सुटीचे सहा दिवस दवाखान्यात घालवण्यापेक्षा एक सुई बरी.

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही बरोबर हवा, कारण गाडी देताना दोन्ही पाहतात.

तिसरी पायरी : गाडी निवडा, आणि विम्याचा कागद खरोखर वाचा

इथे वेळ घालवा. नामिबियात ‘बी’ अक्षराने सुरू होणारे महामार्ग डांबरी आहेत. ‘सी’ रस्ते बहुतेक ठिकाणी आणि ‘डी’ जवळजवळ सगळीकडे खडी-मुरमाचे. पाहण्यासारख्या बहुतेक जागा या मुरमाच्या रस्त्यांवरच आहेत. छोट्या गाडीने कोणी जातच नाही असे नाही, पण जमिनीपासून उंच असलेली गाडी घ्या. जमल्यास फोर बाय फोर पिकअप घ्या. टपावर उघडणारा तंबू, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज आणि भांडी यांसह अशा गाड्या मिळतात. चार जणांत खर्च वाटला की राहण्याचा बराच पैसा वाचतो.

विम्याच्या करारात तीन कलमे शोधा. टायर आणि काच यांचा विमा आहे का? बहुतेक वेळा तो वेगळा घ्यावा लागतो, आणि घ्यावाच, कारण समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालचा दगड काचेवर बसणे ही तिथली रोजची गोष्ट आहे. दुसऱ्या कोणाची गाडी न धडकता तुमचीच उलटली तर भरपाई मिळते का? अनेक स्वस्त करारांत मिळत नाही, आणि नामिबियातले पर्यटकांचे अपघात नेमके याच प्रकारचे असतात. तिसरे म्हणजे रात्री गावाबाहेर गाडी चालवण्याला मनाई आहे का? बहुधा असतेच.

गाडी ताब्यात घेताना स्टेपनी दोन मागून घ्या. जॅक प्रत्यक्ष लावून पाहा, पाना नटांना बसतो का ते तपासा, हवा मोजायचे यंत्र आणि हवा भरायचा छोटा पंप मागा. गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, काचेवरचा बारीक तडाही त्यात आला पाहिजे. आमच्या गाडीत पाना होता, पण तो दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. डेपोतच चाक खोलून पाहिले म्हणून कळले.

चौथी पायरी : मुरमाच्या रस्त्यावर चालवायला शिका

आपण घाटात वाढलेली माणसे, खड्ड्यांची सवय आहे, त्यामुळे हा रस्ता काय अवघड असे वाटते. तो फसवा आहे. सरळ, रुंद, मोकळा. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. पण चाकाखाली सुटी खडी असते. ताशी १०० वर जोरात ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग झटक्याने फिरवले की गाडी आधी घसरते आणि मग लोळते.

वेग ८० च्या वर नेऊ नका. वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि कोरड्या ओढ्याच्या खळग्यात त्याहून बराच कमी ठेवा. मुरमावर उतरताना टायरमधली हवा थोडी कमी करतात, साधारण २६ पीएसआयपर्यंत. किती ते तुमच्या गाडीच्या टायरवर अवलंबून असते, म्हणून भाड्याच्या कंपनीला विचारून आकडे लिहून घ्या. डांबरी रस्ता लागला की हवा पुन्हा भरायची. रस्त्यावर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या लाटा लागतात आणि गाडी खुळखुळ्यासारखी वाजते; तरी वेग वाढवून त्यावरून उडत जायचा मोह टाळा. समोरून गाडी आली की वेग कमी करा, डावीकडे व्हा आणि धूळ बसेपर्यंत थांबा. मागच्यांनी पट्टे लावलेच पाहिजेत.

अंधाराबाबत तडजोड नाही. जूनमध्ये विंडहूकला सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर कुडू आणि गेम्सबॉक ही मोठी हरणे, रानडुकरे रस्त्यावर येतात. पूर्ण वाढलेला कुडू नर दोन-अडीचशे किलोचा असतो आणि दिव्याच्या झोतात तो उडी मारतो ती थेट काचेवर. म्हणून रोजचा हिशेब उलटा मांडा. मुक्कामी चार वाजता पोचायचे, मुरमावर ताशी सरासरी ६० धरायची, थांबे मोजायचे आणि त्यावरून निघायची वेळ काढायची. ३५० किलोमीटरला सहा-सात तास लागतात. त्याहून लांबचा टप्पा एका दिवसात शक्यतो ठेवू नका.

टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरा. पंपावर माणूसच इंधन भरतो, काच पुसतो, त्याला चार-दोन नामिबियन डॉलर द्यायची पद्धत आहे. माणशी रोज पाच लिटर पाण्याचा साठा गाडीत ठेवा. नकाशे आधीच उतरवून ठेवा, शिवाय एक कागदी नकाशाही घ्या.

सॉलिटेअर नावाची छोटी वस्ती सोडल्यावर आमचे मागचे चाक फुटले. गाडी सपाट जागी घेतली, चाकाला दगड लावले, जॅकखाली फळी सरकवली. आम्हाला नट खोलायला वीस मिनिटे लागली. जी पहिली गाडी आली ती चाळीस मिनिटांनी. ती थांबली. तिथे सगळेच थांबतात, आणि तुम्हीही थांबायचे असते.

पाचवी पायरी : मार्ग बांधा

पहिल्या खेपेला दहा-अकरा दिवसांत जमणारा फेरा असा : विंडहूक एक रात्र, सेस्रीम दोन, स्वाकोपमुंड दोन, ट्वायफेलफोंटेनच्या बाजूला एक, एतोशा तीन, ओत्जिवारोंगो एक आणि परत विंडहूक. दक्षिणेचे फिश रिव्हर कॅन्यन यात बसत नाही, बसवू नका.

विंडहूकमध्ये किराणा आणि सिमकार्ड घ्या. सिम विमानतळावरही मिळते, पासपोर्ट दाखवावा लागतो. नळाचे पाणी तिथे बेशक प्या. हे शहर सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरते, तेही १९६८ पासून, आणि असे करणारे ते जगातले पहिले शहर.

सेस्रीमला राहायची जागा शक्यतो उद्यानाच्या फाटकाच्या आत घ्या. बाहेरचे फाटक सूर्योदयाला उघडते, आतल्या मुक्कामाच्या लोकांना तासभर आधी सोडतात. तो तासच महत्त्वाचा. सोसुसव्लेईच्या लाल टेकड्यांवर एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला काळी सावली अशी धारदार रेघ फक्त सकाळी दिसते. फाटकापासून साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे, शेवटचे पाच किलोमीटर मऊ वाळू. वाळूत गाडी घालायचा सराव नसेल तर गाडी तिथेच उभी करून उद्यानाच्या शटलने जा. रुतलेल्या गाड्या पाहायला गर्दी जमते, आणि गर्दीच्या मध्यभागी आपण असणे फार सुखाचे नाही. जवळच्या डेडव्लेई या कोरड्या तळ्यातली काळी पडलेली झाडे सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मेली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. वीसेक मिनिटे वाळूत चालावे लागते, दहाच्या आत परत फिरा.

स्वाकोपमुंडला समुद्र गार, हवा धुक्याची. जवळच्या वॉल्व्हिस बेला रोहित पक्षी. कपडे धुवायला आणि टायर दुरुस्त करायला हे गाव उत्तम. ट्वायफेलफोंटेनला खडकांत कोरलेले जिराफ आणि सिंह आहेत, युनेस्कोच्या यादीत २००७ पासून.

एतोशा राष्ट्रीय उद्यानात धावाधाव करू नका. मध्ये ४८०० चौरस किलोमीटरचे पांढरे खारवट मैदान, त्याच्या दक्षिण काठाने पाणवठे. नवखा माणूस एका पाणवठ्यावर दहा मिनिटे थांबतो, काही नाही म्हणून पुढच्याकडे जातो, आणि त्याच्या मागे हत्ती येतात. एकच पाणवठा निवडा, इंजिन बंद करा, थर्मासमधला चहा काढा आणि दोन तास बसा. कुंपणाच्या आतल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचे नाही. वेग ६०. सूर्यास्तापूर्वी कॅम्पात. ओकाउकुएयोचा पाणवठा कॅम्पाला लागूनच आहे आणि रात्री त्यावर मंद दिवे असतात. जेवून शाल गुंडाळून तिथे बसा. काळे गेंडे तिथे मध्यरात्रीही येतात. चपला आणि खरकटे मात्र तंबूबाहेर ठेवू नका, कोल्हे पळवतात.

ओत्जिवारोंगोजवळ चित्ता संवर्धनाचे मोठे केंद्र आहे, ते पाहता येते. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच.

सहावी पायरी : जेवण आणि पैसा

देश मांसाहारी आहे, आणि ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर चिकन पुढे येऊ शकते. लॉज बुक करतानाच ‘मांस, मासे, चिकन काहीही नाही, अंडे चालेल की नाही’ हे लिहून कळवा. शेगडीवाली गाडी असेल तर चिंता नाही. विंडहूक आणि स्वाकोपमुंडच्या मोठ्या दुकानांत तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, दही सगळे मिळते. गोडा मसाला, हिंग आणि बेसन मात्र घरून न्या. तिखट पिठले-भात मुरमाच्या धुळीने सुकलेल्या घशाला फार मानवतो. मांस खाणाऱ्यांनी ब्राई, म्हणजे निखाऱ्यावरचे भाजणे, चुकवू नये.

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत एकच, आणि रँड नामिबियात सर्रास चालतो. उलटे मात्र होत नाही. म्हणून भारतातून थोडे रँड न्या, आणि उरलेले नामिबियन डॉलर निघण्यापूर्वीच खर्चून टाका. शहरांत कार्ड चालते. आडगावच्या पंपावर आणि कॅम्पात रोख लागू शकते.

प्लग तीन गोल जाड पिनांचा. त्यासाठी महागडा ॲडाप्टर घेऊ नका. आपल्या गीझरला असतो तो १६ अँपिअरचा मोठा प्लग तिथे बसतो. तो लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या, सगळ्यांचे फोन एकदम चार्ज होतात. घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे.

काही विचारण्यापूर्वी आधी ‘हॅलो, हाऊ आर यू’ म्हणा आणि उत्तर ऐका. थेट ‘पंप कुठे आहे’ असे विचारणे तिथे उद्धटपणाचे समजतात. हिंबा या स्थानिक जमातीतल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. विंडहूकमध्ये अंधार पडल्यावर पायी फिरू नका, आणि उभ्या गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका.

शेवटचा दिवस

विमानतळ शहराच्या पूर्वेला ४५ किलोमीटरवर आहे. गाडी परत करण्यापूर्वी टाकी भरा, पावती जपून ठेवा, गाडी धुऊन घ्या आणि पहिल्या दिवशीचा व्हिडिओ मोबाइलमध्ये तयार ठेवा. तपासणी तुमच्या समोरच करायला लावा आणि सही घ्या. पीतज्वराचे पिवळे कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा; चेक-इनच्या सामानात गेले तर मुंबईत उतरल्यावर ते दाखवता येणार नाही.