नवी कंपनी काढताय? आरओसीच्या कामात या चुका टाळा

कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र आलं की घरात पेढे वाटतात, प्रमाणपत्राला फ्रेम होते आणि देवघराशेजारच्या भिंतीवर ते लागतं. तो आनंद खरा असतो आणि तो करावाच. पण नागपुरात इतकी वर्षं हे काम करताना एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. त्या प्रमाणपत्रावरची तारीख कोणी वाचत नाही, आणि आरओसी, म्हणजे कंपनी निबंधक, सुरुवातीच्या मुदती तिथूनच मोजतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी घेतो. "धंदाच नाही केला त फॉर्म कायचा भरायचा?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. दुकान बंद असेल तर जीएसटीचा नंबर परत करता येतो, हे लोकांना माहीत असतं. कंपनीचंही तसंच असेल असं त्यांना वाटतं. पण कायद्याच्या नजरेत कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. तिची उलाढाल शून्य असली तरी ताळेबंद बनतो, ऑडिट होतं, वार्षिक सर्वसाधारण सभा होते. सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४, म्हणजे ताळेबंदाचा फॉर्म, आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७ किंवा छोट्या कंपनीसाठी ७ए, भरावंच लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये जादा शुल्क लागतं. २०१८ च्या जुलैपासून त्याला वरची मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये होतात, तेही एक रुपयाचा धंदा न करता.

माझ्याकडे आलेल्या दोघा साडूभावांची गोष्ट सांगतो. २०१२ मध्ये त्यांनी हिंगणा रोडवर फॅब्रिकेशनसाठी कंपनी काढली. जागेचा करार फिसकटला आणि कंपनी तिथेच थांबली. पहिल्या वर्षाचे फॉर्म भरले, पुढे काहीच नाही. धाकट्याने बुटीबोरीत वेगळी कंपनी काढली, ती चांगली चालली, वीस-बावीस माणसं कामाला लागली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने विवरणपत्रं न भरणाऱ्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं रजिस्टरमधून काढली आणि सलग तीन वर्षं फॉर्म न भरणाऱ्या कंपन्यांच्या संचालकांना कंपनी कायद्याच्या कलम १६४ खाली पाच वर्षांसाठी अपात्र ठरवलं. त्या यादीत या दोघांची नावं होती. त्यांना पत्ताच नव्हता.

कळलं कधी, तर बुटीबोरीच्या कंपनीचा ताळेबंद भरायला बसलो तेव्हा. डिजिटल सही लावली आणि सरकारी पोर्टलने डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, नाकारला. मी तीनदा करून पाहिलं. मग यादी उघडली, नाव शोधलं आणि त्यांच्यासमोर स्क्रीन फिरवली. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण ती कंपनी तं आम्ही चालवलीच नाही ना." चालू कंपनीच्या बँकेतल्या सीसी लिमिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जमर्यादेचं, नूतनीकरण तोंडावर होतं आणि बँकेला भरलेले फॉर्म हवे होते. जुन्या कंपनीचं नावच रजिस्टरमधून गेलेलं, त्यामुळे आधी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडून ते परत लावून घ्यायचं, मग सगळी थकलेली विवरणपत्रं भरायची, आणि त्यानंतर डीआयएन सुरू होणार. दुरांतोने रात्री निघायचं, दिवसभर तारखेसाठी बसायचं आणि रात्री परत. त्या फेऱ्या मी केल्या आहेत. शेवटी काम झालं, पण त्या महिन्यांत त्याने कामगारांचे पगार घरच्या पैशातून दिले, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून कंपनी चालवायची नसेल तर ती रीतसर बंद करा. थकलेले फॉर्म भरायचे, बँक खातं बंद करायचं, देणी संपवायची आणि एसटीके-२, म्हणजे रजिस्टरमधून नाव काढण्याचा अर्ज, भरायचा. त्याचं सरकारी शुल्क १०,००० रुपये आहे. मे २०२३ पासून हे अर्ज सी-पेस या हरियाणातल्या मानेसरच्या सरकारी केंद्रात जातात. "तशीच पडू द्या, आपोआप रद्द होईल" असा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका. आपोआप जे होतं ते कसं असतं, ते वर सांगितलंच.

दुसरी चूक नावाची. नोंदणीच्या वेळी सर्वांत जास्त अर्ज इथेच अडतात आणि ही अडचण खास आपली आहे. आपल्याकडे आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं. पॅनवर कधी आडनाव आधी, कधी मधलं नाव फक्त आद्याक्षरात. लग्न झालेल्या बहिणीच्या आधारवर मध्ये नवऱ्याचं नाव, पॅनवर वडिलांचं. फॉर्ममध्ये वडिलांचं नाव विचारतात तिथे सवयीने नवऱ्याचं लिहिलं जातं. मग डिजिटल सही पॅनशी जुळत नाही, पोर्टल अर्ज परत पाठवतं आणि लोक समजतात सरकार त्रास देतंय. धरमपेठच्या एका काकूंच्या अर्जात आम्ही हे चार आठवडे निस्तरलं. माझी सवय अशी आहे की कुठलाही फॉर्म उघडण्याआधी पॅन आणि आधार टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकेक अक्षर बोटाने वाचायचं. वेलांटी, स्पेलिंग, जन्मतारीख, सगळं. फरक दिसला तर आधी कार्ड दुरुस्त करून घेतो, मगच डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. घाईत असलेल्या पोरांना हे पटत नाही. त्यांना दोन दिवसांत कंपनी हवी असते आणि ती कुठल्यातरी स्वस्तातल्या जाहिरातीत दिसलेली असते. ती दोन दिवसांतली कंपनी पुढे दोन वर्षं मी सावरत बसतो, म्हणून मी आता सरळ नाही म्हणतो.

आता आयएनसी-२०ए, म्हणजे धंदा सुरू करण्याच्या घोषणेच्या फॉर्मबद्दल. २ नोव्हेंबर २०१८ नंतर नोंदलेल्या, भागभांडवल असलेल्या कंपनीने १८० दिवसांत जाहीर करायचं असतं की सगळ्या भागधारकांनी आपापल्या शेअरचे पैसे कंपनीच्या खात्यात भरले. त्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. राहिलं तर कंपनीला ५०,००० रुपये दंड आणि संचालकांना रोजचा वेगळा. इथे गंमत अशी होते की टेंडरमध्ये वजन पडावं म्हणून लोक भरलेलं भांडवल १० लाख लिहितात आणि भरायच्या वेळी खिशात दीड लाख असतो. अधिकृत भांडवल, म्हणजे शेअर काढायची वरची मर्यादा, आणि प्रत्यक्ष भरलेलं भांडवल यांत फरक आहे. खिशात असेल तेवढंच भरलेलं लिहा. आणि पैसे ज्याच्या नावाचे शेअर त्याच्याच खात्यातून द्या, मेहुण्याच्या गुगल पेवरून नको.

पहिला ऑडिटर ३० दिवसांत संचालक मंडळाने नेमायचा असतो. राहून जातो.

कंपनीचा ईमेल आणि मोबाइल एजंटचा देऊ नका. आरओसीची नोटीस तिथेच येते, आणि एजंटशी भांडण झालं की तुम्हाला ती कधीच दिसत नाही. प्रत्येक फॉर्मचा एसआरएन, म्हणजे पोर्टल देतं तो नोंद क्रमांक, आणि चलन मागून स्वतःच्या फाइलला लावा. "भरलं आहे" या शब्दावर विसंबू नका.

पत्त्यासाठी वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत बिल आजोबांच्या नावावर असतं आणि आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली असतात. ना हरकत पत्र कोण देणार? आधी महावितरणमध्ये नाव बदलून घ्या, वेळ लागतो तो लागू द्या. आणि भाड्याची जागा सोडली तर नवा पत्ता ३० दिवसांत कळवा. नोटिसा जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतात आणि निबंधक जागेवर येऊन पाहू शकतात.

शेवटचं, कारण कोणीच सांगत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता कार्यालयाबाहेर ठळक लावावा लागतो, आणि पाटी इंग्रजीत असेल तर स्थानिक भाषेच्या लिपीतही. म्हणजे नागपुरात मराठीत. गेल्या पावसाळ्यात गांधीबागेतल्या एका पोराला मी त्याच्या दारात उभं राहून हे सांगितलं. त्याने लगेच पेंटरला फोन केला. संध्याकाळी फोटो आला, पाटीवर "प्रायव्हेट" मधला "व्हे" जरा तिरका होता. मी त्याला लिहिलं, चालेल, आता प्रमाणपत्राची झेरॉक्स काढ आणि मागे पेन्सिलीने तारखा लिही: ३० दिवस, १८० दिवस, पहिली सर्वसाधारण सभा. तेवढं करूनच घरी जा.