राष्ट्रप्रमुखाच्या विमानाचा हिशेब कसा तपासायचा

राष्ट्रप्रमुखासाठी विमान घ्यायचं ठरलं की पहिल्याच दिवशी एक आकडा बाहेर येतो आणि पुढचे सहा महिने दोन्ही बाजू तोच आकडा एकमेकांच्या अंगावर फेकत राहतात. विरोधक म्हणतात, एवढ्यात किती दवाखाने झाले असते. सरकार म्हणतं, सुरक्षेशी तडजोड नाही. ही दोन्ही वाक्यं तपासता येत नाहीत, आकडा मात्र तपासता येतो. त्यासाठी वैमानिक असावं लागत नाही. कागद, कॅलक्युलेटर आणि थोडा चिवटपणा पुरतो.

आधी किंमत फोडा

‘विमानाची किंमत’ म्हणून जे छापून येतं, त्यात चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे नुसतं विमान: सांगाडा आणि इंजिनं. इथे कंपनीची छापील किंमत दिली असेल तर ती सरळ बाजूला ठेवा, कारण त्या किमतीला मोठं विमान सहसा कोणी घेत नाही. दुसरी, आतलं काम. खास विमान कारखान्यातून बहुतेक वेळा रिकामंच निघतं. त्याला ‘ग्रीन’ विमान म्हणतात, कारण पत्र्यावर गंजरोधक हिरवट थर तेवढा असतो. शयनकक्ष, बैठकीची खोली, स्वयंपाकघर हे सगळं नंतर दुसरीकडे बसतं. तिसरी, उपग्रहावरून चालणारं सांकेतिक संदेशवहन, येणारं क्षेपणास्त्र ओळखणारे सेन्सर आणि त्याला चकवणारी यंत्रणा. चौथी, सुटे भाग, वैमानिकांचं प्रशिक्षण आणि हँगर.

तिसरा भाग सगळ्यात फसवा. तो गुप्त असतो म्हणून त्याचा खर्च कोणी विचारत नाही. पण यंत्रणेचा तपशील गुप्त ठेवणं वेगळं आणि तिची एकूण रक्कम लपवणं वेगळं. रक्कम विचारायला काहीच हरकत नाही.

अमेरिकेने २०१८ मध्ये दोन बोइंग ७४७-८ विमानांसाठी ३.९ अब्ज डॉलरचा करार केला. ती दोन विमानं तयारच होती. रशियाच्या ट्रान्सएरो या दिवाळखोर झालेल्या कंपनीसाठी बनलेली, कोणी न उचललेली. म्हणजे पैशाचा मोठा भाग विमानाचा नव्हता, तर त्यांची आतून पुन्हा बांधणी करण्याचा होता. करार ठरावीक किमतीचा असल्यामुळे वाढलेला खर्च कंपनीवर पडला. बोइंगचं त्यात दोन अब्ज डॉलरहून जास्त नुकसान झालं आणि विमानं २०२४ ची तारीख चुकवून कितीतरी मागे पडली. ठरावीक किंमत म्हटली की तिजोरी वाचते, पण मुदत घसरते. रंगसुद्धा फुकट नसतो: त्या विमानांचा आधी निवडलेला गडद निळा रंग काही भाग जास्त तापवेल असं विश्लेषणात दिसलं आणि तो बेत २०२३ मध्ये सोडला गेला.

भेट मिळालेल्या विमानालाही हेच लागू. कतारने २०२५ मध्ये अमेरिकेला ७४७-८ देऊ केलं तेव्हा चर्चा भेट घ्यावी की नाही, याच्यावरच रंगली. पण दुसऱ्याच्या हातून आलेलं विमान सुरक्षेसाठी उकलून तपासावं लागतं आणि वरचा तिसरा भाग त्यात नव्याने बसवावा लागतो. त्याचं बिल भेट देणारा भरत नाही.

मग वर्षाचे तास विचारा

सगळ्या वादातला हा सगळ्यात कामाचा प्रश्न आणि तोच कोणी विचारत नाही: हे विमान वर्षाला किती तास उडणार?

समजा विमान २० कोटी डॉलरला पडलं, २० वर्षं वापरलं आणि शेवटी ६ कोटींना विकलं. म्हणजे वर्षाला ७० लाख झिजले. वैमानिक, हँगर, विमा आणि ठरावीक मुदतीच्या तपासण्या यांचे ५० लाख धरा. एवढे १.२ कोटी विमान जमिनीवर उभं राहिलं तरी जाणार. इंधन आणि तासागणिक देखभाल मिळून ताशी १५ हजार धरा.

वर्षाला २०० तास उडवलं तर एकूण १.५ कोटी, म्हणजे ताशी ७५ हजार डॉलर.
६०० तास उडवलं तर २.१ कोटी, म्हणजे ताशी ३५ हजार.

विमान तेच, ताशी खर्च निम्म्याहून कमी. म्हणून ‘ताशी खर्च’ ऐकला की त्यात काय धरलंय आणि किती तासांना भागलंय, हे आधी विचारायचं. अमेरिकी अध्यक्षांच्या जुन्या विमानाचाच, म्हणजे एअर फोर्स वनचा, ताशी खर्च कधी सुमारे १.४२ लाख डॉलर, तर कधी सुमारे २.०६ लाख डॉलर असा छापून आला आहे.

उलटा हिशेब कसा करायचा, ते ब्रिटनच्या उदाहरणात दिसतं. हवाई दलाकडे आधीच असलेलं एक व्हॉयेजर, म्हणजे हवेत इंधन भरणारं एअरबस ए३३०, मंत्र्यांच्या प्रवासासाठी सजवायचं २०१५ मध्ये ठरलं. खर्च सुमारे १ कोटी पाउंड. भाड्याच्या विमानाला ताशी ६,७०० पाउंड पडतात, याला २,००० पडतील आणि वर्षाला साधारण ७.७५ लाख वाचतील, असं सांगितलं गेलं. आता भागाकार करा. ताशी बचत ६,७०० वजा २,०००, म्हणजे ४,७००. ७.७५ लाखांना ४,७०० ने भागलं की १६५ तास येतात. इतकंच उड्डाण धरलं होतं. आणि १ कोटीला ७.७५ लाखांनी भागलं की जवळपास १३ वर्षं. म्हणजे सजावटीचे पैसे निघायलाच तेवढा काळ. शिवाय २,००० हा आकडा पाहा. ए३३० तासाला साडेपाच-सहा टन इंधन पितं. तेव्हाच्या भावाने एवढ्या पैशात इंधनच कसंबसं बसतं. विमान आणि वैमानिक टँकरच्या कामासाठी आहेतच, म्हणून त्यांचा खर्च धरला नाही, असं कोणी म्हणू शकतं. ते चूकही नाही. फक्त भाड्याच्या दरात हे सगळं धरलेलं असतं, त्यामुळे तुलना सरळ राहत नाही.

आकार आणि संख्या

गेल्या तीन वर्षांच्या दौऱ्यांची यादी मिळवा. प्रत्येक टप्प्याचं अंतर आणि सोबतची माणसं, एवढे दोन रकाने पुरेत. बहुतेक प्रवास दोन-तीन तासांचे आणि सोबत पंधरा माणसं असतील, तर तासाला सात-साडेसात टन इंधन जाळणारं मोठं बोइंग ७७७-३००ईआर कशाला? बोइंग ७३७ अडीच टनांत भागवतं, गल्फस्ट्रीम जी६५० हे छोटं खासगी जेट दीडच्या आसपास, आणि ते न थांबता सुमारे १३ हजार किलोमीटर जातं. मोठ्या विमानाचं खरं समर्थन एकच: लांबचा पल्ला आणि सोबत मोठा ताफा, दोन्ही एकाच वेळी आणि वारंवार.

‘दोन कशाला?’ या प्रश्नाला मात्र चांगलं उत्तर आहे. मोठ्या तपासणीला विमान काही आठवडे अडकतं, दर काही वर्षांनी येणाऱ्या सांगाड्याच्या तपासणीला त्याहून जास्त. एकच विमान असेल तर त्या काळात भाड्याचं घ्यावंच लागतं. तो खर्च हिशेबात दिसला नाही, तर हिशेब अर्धा आहे.

जुनं घेऊन पैसे वाचवण्याचा मार्ग जर्मनीने करून पाहिला. लुफ्तान्सा या विमान कंपनीची वापरलेली दोन एअरबस ए३४० घेतली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल जी-२० साठी ब्युनोस आयर्सला निघाल्या आणि वाटेत संदेशवहन बंद पडलं. विमान परत फिरून कोलोनला उतरलं. टाक्या भरलेल्या, त्यामुळे वजन जास्त आणि ब्रेक तापलेले. मर्केल दुसऱ्या दिवशी माद्रिदहून नेहमीच्या प्रवासी विमानाने गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्र्यांचं विमान फ्लॅपच्या, म्हणजे पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांच्या, बिघाडामुळे अबुधाबीला दोनदा परतलं. वजन उतरण्याजोगं करायला दोन्ही वेळा इंधन हवेत सोडावं लागलं आणि अखेर दौराच रद्द झाला. तोवर तीन नव्या ए३५० ची ऑर्डर दिलेली होतीच.

विकून टाका म्हणणाऱ्यांनाही विचारा

मेक्सिकोने सुमारे २१.८ कोटी डॉलरचं बोइंग ७८७-८ घेतलं होतं. अध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांनी ते वापरायला नकार देऊन डिसेंबर २०१८ मध्ये विक्रीसाठी कॅलिफोर्नियाला पाठवलं. गिऱ्हाईक मिळेना. एरवी अडीचशेच्या आसपास माणसं बसतात तिथे ८० जणांची सोय, शयनकक्ष वेगळा. विमान कंपनीला ते घ्यायचं तर आतलं सगळं उपटून काढावं लागणार, आणि राष्ट्रप्रमुखाच्या थाटाचं विमान हवं असणारे जगात मोजकेच. २०२० मध्ये ५०० पेसोंच्या ६० लाख तिकिटांची सोडतही काढली, पण बक्षीस रोख होतं, विमान नव्हे. शेवटी २०२३ मध्ये ताजिकिस्तानला ते सुमारे ९.२ कोटी डॉलरला गेलं.

उभं विमानही खातं. इंजिनं ठरावीक मुदतीने फिरवावी लागतात, टायर हलवावे लागतात, आणि तारखेला बांधलेल्या तपासण्या उड्डाण शून्य असलं तरी कराव्याच लागतात. त्यामुळे विकायचा प्रस्ताव समोर आला की तीन आकडे लेखी मागा: आतलं काम काढून साधं प्रवासी विमान करायला किती लागतील, विक्री होईपर्यंत महिन्याला किती जातील, आणि त्या काळात प्रवास कोणत्या विमानाने, कोणत्या दराने होणार.